ग्लूवाइनला उकळी का फुटू देत नाहीत?

डिसेंबर लागला की जर्मनीत गावोगावच्या चौकांत नाताळचे बाजार भरतात. ड्रेस्डेनचा तर थेट १४३४ सालापासूनचा. कडाक्याच्या थंडीत तिथे हमखास प्यायली जाते ती वाफाळती ग्लूवाइन: लाल वाइन, साखर, दालचिनी, लवंग, चक्रीफूल आणि संत्र्याची साल. ती करताना एक ताकीद नेहमी मिळते. उकळी फुटू देऊ नका, ७८ अंशांना अल्कोहोल उडून जातं! ताकीद योग्यच आहे, तिचं कारण मात्र अर्धवट.

७८ अंश सेल्सिअस हा निव्वळ इथेनॉलचा, म्हणजे वाइनमधल्या अल्कोहोलचा, उत्कलनबिंदू. वाइनमध्ये ते पाण्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे १२ टक्के अल्कोहोलची वाइन उकळते ती नव्वदी ओलांडल्यावर. शिवाय अल्कोहोल उडायला उकळी लागतच नाही. ते आधीपासून थोडं थोडं उडत असतं, तापेल तसा वेग वाढतो इतकंच. आणि उकळली म्हणजे सगळं गेलं, असंही नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पंधरा मिनिटं मंद उकळल्यावरही मूळच्या सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं. ‘उकळलंय, मुलांना चालेल’ हा समज म्हणूनच सोडलेला बरा. त्या बाजारांत मुलांसाठी फळांच्या रसाचा किंडरपुन्श वेगळा असतो.

उकळीने खरं नुकसान होतं ते वासाचं. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल (दातांच्या दवाखान्यात येतो तो वास) पाण्यात जेमतेम विरघळतात, अल्कोहोलमध्ये सहज. वाइनमधलं अल्कोहोल त्यांना पेयात उतरायला मदत करतं. पण भांडं खळखळू लागलं की वाफ त्यांना बाहेर घेऊन जाते. लवंगेचं तेल काढतात तेही असंच, वाफेच्या जोरावर. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला की आपण खूश होतो. खरं तर तेवढा वास कपातून वजा झालेला असतो.

तेव्हा आच मंद, भांड्यावर झाकण, वाफा येऊ लागल्या की गॅस बंद, आणि मग अर्धा तास मुरवणं. मसाला अख्खाच घ्यावा, पुडीने पेय गढूळ होतं. लवंगा मोजून दोन-चार. जास्त झाल्या तर बाकी काही लागतच नाही. संत्र्याच्या सालीमागचा पांढरा भाग कडवट असतो, तो खरवडून टाकावा.

ग्लूवाइनने येणारी ऊब मात्र थोडी फसवी. अल्कोहोलने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त पृष्ठभागाशी येतं, गाल तापतात आणि शरीरातली उष्णता उलट लवकर बाहेर पडते. सफरचंदाच्या रसात हाच मसाला घातला तर ती भानगड नाही. फक्त तिथे अल्कोहोलची मदत नसते, म्हणून मसाला जास्त वेळ मुरू द्यावा लागतो.