सोलापूरच्या पोरांना ध्रुव शिकवायचे म्हणजे... थोडी मागची गोष्ट

नववी-दहावीच्या वर्गात ध्रुव आणि हवामानबदल काढला की सोलापुरात एक प्रश्न ठरलेला असतो. इथं एप्रिलमध्येच पारा 42-43 ला टेकतो, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तर त्या बर्फाचं आपल्याला काय ओ सर? प्रश्न अगदी रास्त आहे. आणि गंमत म्हणजे बर्फ आणि आपला पाऊस यांचा संबंध लावायचा प्रयत्न इथल्याच दुष्काळानंतर सुरू झालाय.

1876-78 चा मोठा दुष्काळ पडला, दख्खनचे जिल्हे होरपळले, त्यात सोलापूरही होतं. हवामान खातं तेव्हा नुकतंच म्हणजे 1875 ला निघालेलं. दुष्काळानंतर सरकारनं खात्याच्या मागे लकडा लावला की पाऊस कमी पडणार हे आधी सांगता येईल का बघा. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1884 ला मांडलं की हिमालयात बर्फ जास्त साचला तर पुढचा मान्सून कमजोर पडतो, आणि 1886 च्या जूनपासून रीतसर अंदाज निघायला लागले. हा हिशोब पुढं दरवर्षी जुळला असं नाही, आणि हिमालय म्हणजे काही ध्रुव नव्हे, पण लांबच्या बर्फाचा आपल्या ज्वारीशी संबंध असू शकतो हा विचार तेव्हापासूनचा आहे.

शाळेत मात्र यातलं काही आलंच नाही. टिळकांनी 1903 मध्ये वेदकालीन आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडं होतं असा सिद्धांत मांडला (तो आज कोणी धरत नाही, पण आमच्याकडं अजून वाद घालणारे भेटतात), त्यामुळं मराठी घरात आर्क्टिक हे नाव तसं जुनं. पण भूगोलात काय, तर शीत कटिबंध, इग्लू, सहा महिने दिवस सहा महिने रात्र, जोड्या लावा, संपला धडा. आमच्या पिढीनं ध्रुव हा असा नवलाईचा म्हणूनच पाठ केला.

विज्ञान तिकडं केव्हाच पुढं गेलेलं. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात (अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास केला तो काळ) अंटार्क्टिकावर तळ उभे राहिले, 1959 ला अंटार्क्टिक करार झाला. त्याच सुमाराला अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड नेमानं मोजायला घेतला, तेव्हा तो दहा लाखात साधारण 315 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. मग बर्फात खोल भोक पाडून लांबच लांब कांड्या काढल्या, त्यात अडकलेल्या बुडबुड्यांत जुनी हवा जशीच्या तशी सापडली, आधी सव्वाचार लाख वर्षांपर्यंतची आणि पुढं आठ लाखांपर्यंतची. एवढ्या काळात कार्बन डायऑक्साइड आजच्याइतका कधीच चढलेला नाही. पोरांना आलेख दाखवण्याआधी हा बुडबुडा सांगावा, वर्ग एकदम गप्प होतो.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम समुद्रशास्त्रज्ञ डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर 1981 ला गोव्याहून निघाली आणि जानेवारी 1982 ला तिकडं पोचली. दक्षिण गंगोत्री हा तळ बर्फातच गाडला गेला, मग मैत्री, 2012 पासून भारती, आणि आर्क्टिकात 2008 पासून हिमाद्री. पोरांना यातलं पोस्टाचं लई आवडतं. 2024 ला भारतीवर टपाल शाखा निघाली तिचा पिनकोड एमएच-1718, कारण ही शाखा गोव्याच्या टपाल विभागाखाली आहे आणि गोवा आपल्या महाराष्ट्र पोस्टल सर्कलमध्ये येतो.

पर्यावरण शाळेत सक्तीचं झालं ते कोर्टामुळं. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं 1991 ला आदेश दिला, 2003 ला पुन्हा बजावलं, तेव्हा पुस्तकं हलली. पण झालं काय की पर्यावरण हा वेगळा विषय झाला, प्रोजेक्ट वही आणि मार्कांपुरता, ध्रुव भूगोलातच राहिले आणि दोघांची गाठ पडलीच नाही. खरी अडचण मला इथंच वाटते.

गाठ घालायला फार सामान लागत नाही. दोन सारखे ग्लास घ्यायचे, एकात पाण्यावर तरंगता बर्फ, दुसऱ्यात पाण्यातून वर डोकावणारा दगड आणि त्यावर बर्फ, दोन्हीकडं पेनानं पाण्याची खूण. आपल्याकडच्या उन्हात तासाभराच्या आत कळतं की पहिल्यात पाणी खुणेवरच राहतं आणि दुसऱ्यात चढतं. म्हणजे आर्क्टिक समुद्रातला बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही, ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा वितळला की वाढते. मग समुद्रातला गेला तर बिघडलं कुठं, असं कोणीतरी विचारतंच, तेव्हा वर्ग गच्चीवर न्यायचा, चुना मारलेल्या स्लॅबवर एक हात आणि डांबराच्या काळ्या पट्टीवर दुसरा. पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो, तो गेला की खालचं काळं पाणी ते पिऊन घेतं आणि अजून तापतं.

आता तर आपल्या पावसापर्यंत धागा आलाय. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मांडलंय की आर्क्टिकात कारा समुद्राकडं उन्हाळ्यात बर्फ घटतो त्याचा संबंध भारतात सप्टेंबरमध्ये होणाऱ्या अतिवृष्टीशी असू शकतो. आणि सोलापूरचा पाऊस मुळात सप्टेंबरचाच. 2025 च्या सप्टेंबरला सीना नदीचा महापूर पोरांनी डोळ्यांनी बघितलाय, त्यामुळं हे ऐकल्यावर सगळे कान टवकारतात. पण तो पूर आर्क्टिकमुळंच आला असं ठोकून द्यायचं नाही, एका पुरावरून तसं ठरत नसतं. हवामान खात्याचे सोलापूरचे सप्टेंबरचे जुने आकडे काढायचे, शेजारी आर्क्टिकच्या बर्फाचे ठेवायचे, आणि काय जुळतं काय नाही ते पोरांनाच भांडू द्यायचं.