एएसी ब्लॉकच्या भिंतीत जड वस्तू बसवणे

गीझर, किचनमधील वरची कपाटे, वॉश बेसिन, टीव्हीचा ब्रॅकेट यांसारख्या वस्तू एएसी ब्लॉकच्या, म्हणजे ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीटच्या, भिंतीवर पक्क्या करण्याची पद्धत. स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात विकसित झालेल्या या ब्लॉकमध्ये ॲल्युमिनियम पावडरमुळे वायू सुटतो आणि मिश्रण फुगते; तयार ब्लॉकमध्ये बारीक हवेच्या पोकळ्याच जास्त असतात. त्याची घनता साधारण ५५० ते ६५० किलो प्रति घनमीटर, तर दाबशक्ती ३ ते ५ न्यूटन प्रति चौरस मिमी असते. साध्या काँक्रीटची दाबशक्ती २०च्या पुढे असते.

काँक्रीटसाठीचा लोखंडी अँकर फास्टनर इथे निकामी ठरतो तो याच कारणाने. नट आवळला की बोल्टभोवतीची नळी, म्हणजे बाही, फुगून भोकाच्या कडांवर रेटते. काँक्रीट तो रेटा सोसते. एएसीमधल्या पोकळ्या चिरडून त्यांची भुकटी होते. बसवताना फास्टनर घट्ट वाटतो, पण काही दिवसांनी ढिला पडतो आणि पुन्हा आवळला की आणखी भुकटी होते. या भिंतीत पकड मिळते ती खोलीमुळे आणि पृष्ठभागामुळे, रेट्यामुळे नव्हे.

ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवावा, नुसते फिरवून भोक पाडावे. हॅमरने भोक लंबगोल होते आणि १०० मिमी भिंतीत मागच्या बाजूचा पापुद्रा उडतो. मऊ ब्लॉकमध्ये प्लगच्या, म्हणजे भोकात बसून स्क्रू धरणाऱ्या नळीच्या, मापापेक्षा १ मिमी लहान बिट चालतो. प्लास्टरची जाडी पकडीत धरू नये: १५ मिमी प्लास्टर असेल तर ८० मिमीच्या प्लगला ९५ मिमीहून थोडे खोल भोक लागते. त्यामुळे १०० मिमी भिंतीत आखूड प्लग घ्यावा लागतो. प्लगचा फुगणारा भाग टाइलमध्ये राहिला तर टाइल तडकते.

हलक्या आणि मध्यम वजनाला एएसीसाठीचे रुंद पंखांचे, पिळाचे नायलॉन प्लग पुरतात. स्क्रू शेवटी हातानेच आवळावा. तो मोकळा फिरू लागला म्हणजे ब्लॉकमधली पकड सुटली. त्याच भोकात काड्या किंवा पीओपी कोंबणे निरुपयोगी आहे. भोकाची जागा बदलावी किंवा ते रुंद करून केमिकल अँकर, म्हणजे भोकात रॉड चिकटवणारे रेझिन, भरावा.

केमिकल अँकरमध्ये खरे काम सफाईचे. भोक फुंकून, ब्रशने घासून, पुन्हा फुंकून घ्यावे आणि हे दोन-तीनदा करावे. धूळ राहिली तर रेझिन भिंतीला न चिकटता धुळीलाच चिकटते. नळीतून येणाऱ्या मालाचा रंग एकसारखा होईपर्यंतचा भाग टाकून द्यावा. मग तळापासून सुमारे दोन-तृतीयांश भोक भरून रॉड फिरवत आत घालावा. डब्यावर दिलेल्या वेळेआधी वजन टांगू नये. थंडीत हा वेळ बराच वाढतो. जाळीदार बाही पोकळ ब्लॉकसाठी असते, भरीव एएसीला ती लागत नाही.

नुसते वजन पाहून चालत नाही, ते भिंतीपासून किती पुढे आहे तेही पाहावे लागते. २० किलोचा टीव्ही बाहेर ओढता येणाऱ्या ब्रॅकेटवर ५० सेंमी पुढे ओढला आणि बोल्टच्या वरच्या-खालच्या ओळींत २० सेंमी अंतर असले, तर वरच्या ओळीवर सुमारे ५० किलोंचा ओढा येतो. गीझरचे वजन भरलेल्या पाण्यासह धरावे. पुल-अप बार, एसीचे बाहेरचे युनिट यांच्या धक्क्यांनी आणि कंपनाने साधे प्लग हळूहळू सैल होतात. अशा ठिकाणी आरपार थ्रेडेड रॉड आणि मागे १०० मिमी चौरस पोलादी पट्टी हाच भरवशाचा उपाय. मात्र नट इतका आवळू नये की पट्टी ब्लॉकमध्ये रुतेल.

भोक ब्लॉकच्या कडेपासून आणि सांध्यापासून किमान ५० मिमी, दरवाजा-खिडकीच्या कडेपासून १०० मिमी दूर असावे. कपाटांसाठी १८ मिमी प्लायची लांब पट्टी अनेक स्क्रूंनी भिंतीला जोडून त्यावर कपाटे टांगली की भार विभागला जातो. आरसीसी कॉलम किंवा बीम हाताशी असेल तर तिथेच फिटिंग घ्यावे. बांधकाम चालू असताना तर बेसिन आणि गीझरच्या जागी एएसीऐवजी भरीव काँक्रीटचे ब्लॉक घालणे सर्वांत सोपे. बाथरूममध्ये भोकाचे तोंड सिलिकॉनने बंद करावे आणि स्टेनलेस स्क्रू वापरावेत, कारण हा ब्लॉक पाणी शोषतो.