टाकीतला मका

एक लिटर इथेनॉल करायला साधारण २.४ किलो मका लागतो. म्हणजे गाडीची ५० लिटरची टाकी निव्वळ इथेनॉलने भरायची तर १२० किलो मका गेला. त्यातला तिसरा हिस्सा चोथा म्हणून उरतो आणि जनावरांना घालता येतो, हेही सांगायला हवं. तरी पिष्ट, म्हणजे माणसाचं पोट भरणारा भाग, जळून जातो.

अमेरिकेने २००५ साली पेट्रोलमध्ये जैवइंधन, म्हणजे मुख्यतः मक्याचं इथेनॉल, मिसळण्याची सक्ती केली आणि २००७ मध्ये ती कितीतरी वाढवली. हेतू चांगला होता: खनिज तेल कमी जळावं, कर्ब उत्सर्जन घटावं. पण जानेवारी २००७ मध्येच मेक्सिकोत लोक टॉर्टियाच्या, म्हणजे तिथल्या मक्याच्या भाकरीच्या, महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरले. टॉर्टिया पांढऱ्या मक्याची आणि इथेनॉल पिवळ्याचं, तरीही दोघांचे भाव एकमेकांना ओढतात. पिवळा महागला की पशुखाद्यवाले पांढऱ्याकडे वळतात.

खरी गोम सक्तीत आहे. एरवी पीक कमी आलं की भाव चढतो आणि सगळेच थोडं कमी घेतात. कायद्याने ठरवून दिलेली इंधनाची मागणी मात्र सहजी हटत नाही. मग सगळी तूट उरलेल्यांच्या वाट्याला येते, आणि ज्याची निम्मी कमाई अन्नावर जाते त्याला ती सर्वांत जड पडते.

म्हणूनच २०११ मध्ये जागतिक बँक, अन्न व कृषी संघटना आणि इतर आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून जी-२० देशांना सांगितलं, की ही सक्ती आणि अनुदानं काढा. निदान बाजार तंग असताना तरी सैल करा. वर्षभरातच अमेरिकेत भीषण दुष्काळ पडला. तिथल्याच काही राज्यांच्या गव्हर्नरांनी सक्ती तात्पुरती उठवण्याची मागणी केली. नोव्हेंबर २०१२ मध्ये ती फेटाळली गेली.

युरोपीय संघाने निदान २०१५ मध्ये अन्नपिकांपासूनच्या इंधनाला वाहतुकीच्या एकूण ऊर्जेत ७ टक्क्यांची मर्यादा घातली. अमेरिकेचा कायदा मला जास्त बोचतो. सवलत द्यायची तर एखाद्या राज्याच्या, प्रदेशाच्या किंवा अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेला वा पर्यावरणाला गंभीर हानी होते का, किंवा देशात पुरवठा अपुरा आहे का, एवढंच त्यात पाहतात. मका आयात करणाऱ्या गरीब देशातल्या उपाशी पोटाची हानी मोजायला त्या कलमात रकानाच नाही.