कार्बन मोनॉक्साइड हृदयाची लय कशी बिघडवतो

मे २०२५ मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. आगीनंतर भाजल्याची चौकशी होते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची क्वचितच. आणि धुरातून वाचलेल्याच्या हृदयाकडे तर त्याहून कमी लक्ष जातं.

हा वायू हिमोग्लोबिनवरची ऑक्सिजनची जागा बळकावतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात दाखवलं. त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट. १८९५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी तो स्वतः हुंगून आपल्याला काय काय होतं ते नोंदवलं. कोळसाखाणीत स्फोटानंतर बहुतेक कामगार याच वायूने दगावतात, हेही त्यांनीच सांगितलं.

मग बराच काळ सगळा भर गुदमरण्यावरच राहिला. १९९० च्या सुमारास अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांवर प्रयोग झाला. रक्तातलं ६ टक्के हिमोग्लोबिन या वायूने अडलेलं असताना त्यांना व्यायाम करायला लावला, तेव्हा हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून अवेळी पडणारे ठोके वाढले. ६ टक्के हे प्रमाण नेहमी बिडी ओढणाऱ्याच्या रक्तातही सापडू शकतं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते २०१२ चं इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातलं काम. ठोका पडताना हृदयाच्या पेशीत सूक्ष्म दारांतून सोडियम शिरतं आणि ती दारं लगेच मिटतात. हा वायू ती किलकिली ठेवतो, पेशी पूर्ववत व्हायला उशीर लागतो आणि लय सुटते. म्हणजे दोष नुसत्या ऑक्सिजनच्या टंचाईचा नाही. अंजायनावरचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यावरचं, रॅनोलाझिन हे औषध दिल्यावर प्रयोगातल्या उंदरांमध्ये हा बिघाड आटोक्यात आला.

घरातही हा धोका आहेच. मोरीतल्या बंबाचा धूर डोळ्यांना झोंबायचा, म्हणून खिडकी उघडली जायची. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरला ना धूर ना वास. आत चक्कर येते, छातीत धडधडतं आणि घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. दवाखान्यात बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, कारण वायूने अडवलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. खरं चित्र कळतं ते रक्तातल्या कार्बॉक्सिहिमोग्लोबिनच्या, म्हणजे या वायूने अडवलेल्या हिमोग्लोबिनच्या, तपासणीतून. सोबत ईसीजी हवाच. साध्या हवेत हे प्रमाण चार ते सहा तासांत निम्मं होतं, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासात. रुग्ण उशिरा पोचला तर आकडा उतरलेला असतो, म्हणून गिझर चालू होता का, हे घरच्यांनी आपणहून डॉक्टरांना सांगावं.