खुर्च्या लावणारे की निर्णय घेणारे? ठाणे-नवी मुंबईतील ख्रिस्ती तरुण नेतृत्वाची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या ख्रिस्ती समाजाबद्दल काहीही लिहायचे झाले की १३२१ पासून सुरुवात करायची, अशी एक रूढीच पडली आहे. त्या वर्षी ठाण्यात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे चार धर्मप्रचारक मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डनस त्या वेळी ठाण्यात नव्हता म्हणून वाचला आणि पुढे कोल्लमचा बिशप झाला. गोष्ट थरारक आहे, पण इथल्या तरुण पिढीला कोणी आणि कसे घडवले, या प्रश्नाशी तिचा काही संबंध नाही. तो प्रश्न १५३४ नंतर, वसई आणि साष्टी (ठाणे ज्या बेटावर आहे ते बेट) पोर्तुगीजांकडे गेल्यावर उभा राहतो.

आणि सुरुवात अभिमानाने सांगावी अशी नाही. १५५९ च्या राजाज्ञेने गोव्यात अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवण्याची कायदेशीर वाट मोकळी झाली. वसईच्या बाजूलाही धर्मगुरूंच्या देखरेखीखाली मुलांच्या शाळा निघाल्या. प्रार्थना पाठ करणे, चर्चमध्ये गाणे आणि सांगितलेले ऐकणे, एवढेच मुलांचे काम. याच सुमारास, १५६३ मध्ये, जेझुइट या कॅथलिक संघाच्या रोममधील कॉलेजात विद्यार्थ्यांचे एक भक्तिमंडळ सुरू झाले होते. त्याचा कारभार बराचसा विद्यार्थ्यांमधलेच पदाधिकारी पाहत. तो नमुना जगभर गेला खरा, पण वसाहतीच्या मुलुखात आज्ञाधारकपणाचीच किंमत जास्त होती.

घडी मोडली ती मराठ्यांच्या मोहिमेने. १७३७ मध्ये ठाणे पडले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि युरोपीय पाद्री निघून गेले. मागे राहिले ते इथलेच धर्मगुरू. त्यांचा प्रमुख कुर्ल्याला राहत असे. धर्मगुरू थोडे आणि गावे फार. या काळाचे वर्णन 'ऱ्हासाचा काळ' असे करतात. मला ते अर्धेच पटते. इमारती ओस पडल्या हे खरे, पण चर्च बंद असताना धर्म टिकला तो घरांत आणि गावच्या क्रूसापाशी, आणि तिथे पुढाकार घ्यायला गावकऱ्यांशिवाय दुसरे कोणी नव्हते.

त्या सवयीची खूण भाईंदरजवळच्या उत्तन, डोंगरी, पालीकडे किंवा ठाण्यातल्या जुन्या गावठाणांत आजही दिसते. मे महिन्यात संध्याकाळी पाखाडीतला (वाडीतला) क्रूस झेंडूच्या माळांनी सजतो, बाया-माणसे, पोरे रस्त्यावरच खुर्च्या टाकून बसतात आणि जपमाळ सुरू होते. फादर आले तर आले. जपमाळेचा एकेक दशक (दहा प्रार्थनांचा भाग) म्हणायला एकेका मुलाला पुढे करतात. चुकला तर मागून एखादी आजी ओळ पुरी करते आणि पोरगा कान लाल करून पुढे चालू ठेवतो. शेवटी उकडलेले चणे वाटायचे, आणि कोणाला किती हा हिशेब त्याच पोरांनी ठेवायचा. चार माणसांत उभे राहून बोलण्याचा पहिला सराव कित्येकांना इथे मिळाला. शाळेतली वक्तृत्व स्पर्धा नंतरची.

इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस ठाणे घेतले आणि १८५३ मध्ये बोरीबंदरहून रेल्वे आली. आता इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणाला मुंबईत कारकुनी होती. गोवा आणि मंगळूरहून आलेले ख्रिस्ती त्याच नोकऱ्यांच्या मागे होते. त्या स्पर्धेत स्थानिकांची वेगळी ओळख ठसवण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन असोसिएशन स्थापन झाली. तिच्या मागण्या स्वर्गातल्या नव्हत्या. मुलांचे शिक्षण आणि नोकऱ्या या होत्या. धर्मगुरूंच्या सभेबाहेर, टोपी-कोटातल्या सामान्य ख्रिस्ती माणसांनी समाजाच्या तरुणांची जबाबदारी घेतली, ही त्यातली नवी गोष्ट.

प्रोटेस्टंट बाजूला वारे वेगळे होते. लंडनमध्ये १८४४ साली कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सने आपल्यासारख्या नोकरदार तरुणांसाठी वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) काढली. मुंबईत ती १८७५ मध्ये आली. वसतिगृह, वाचनालय, व्यायाम असे तिचे रूप होते. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळ अमेरिकेतल्या वायएमसीएच्या माणसांनी १८९१ आणि १८९५ मध्ये शोधले, हे नवी मुंबईच्या सेक्टरांतल्या मैदानांवर खेळणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? १९१६ मध्ये के. टी. पॉल हे तिचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळकांनी तर मिशनची नोकरीच १९१७ मध्ये सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले असा भेद न करता 'देवाचा दरबार' मांडला. बालपणाचा काही काळ कल्याणला काढलेला हा कवी ठाणे जिल्ह्याला तसा परका नाही. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फारसा पसरला नाही. पण विदेशी मिशनच्या पगाराशिवाय नेतृत्व उभे करता येते का, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला.

कॅथलिकांत कामगार मुलांचा विचार दोन वाटांनी आला. पहिली इटलीतले धर्मगुरू डॉन बॉस्को यांची. तुरीन हे वाढते औद्योगिक शहर, गावांकडून आलेली बेघर मुले, काही तुरुंगात; १८४१ पासून त्यांनी या मुलांना रविवारी जमवून खेळ, गाणी, धर्मशिक्षण आणि पुढे हाताला कसब दिले. त्यांच्या सलेशियन संघाचे धर्मगुरू मुंबईत १९२८ मध्ये आले. दुसरी वाट बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांची. १९२५ मध्ये त्यांनी कामगार तरुणांची संघटना उभी केली. पाहा, पारखा, कृती करा, ही तिची पद्धत. कारखान्यातल्या पोरानेच कारखान्यातल्या पोरांचे म्हणणे मांडायचे, फादरने मागे बसून ऐकायचे. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या पत्रकात ही पद्धत उचलून धरली. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरू लागला तो याच दशकात. या पट्ट्याला कार्डाइनची पद्धत जास्त लागू पडली असती असे मला वाटते, पण रुजली ती डॉन बॉस्कोंची: शाळा, तंत्रशिक्षण, मैदान. पालकांना दाखला आणि नोकरी दिसते, संघटना दिसत नाही.

नवी मुंबईत हेच ठळकपणे घडले. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला, रेल्वे मात्र वाशीला पोचायला १९९२ उजाडले. वाशीत फादर आग्नेल यांच्या नावाचे शैक्षणिक संकुल उभे राहिले; १९९४ मध्ये त्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाची भर पडली. नेरुळला डॉन बॉस्को शाळा आली. लोक सगळीकडून आलेले: केरळचे, गोव्याचे, तामिळनाडूचे, नगरकडचे मराठी ख्रिस्ती. १९८८ मध्ये सिरो-मलबार (केरळच्या कॅथलिकांचा एक पंथ) पंथीयांसाठी कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा एकाच इमारतीतली मुले रविवारी वेगवेगळ्या भाषांतल्या मिस्सांना (चर्चमधल्या सामूहिक उपासनांना) जाऊ लागली. चर्चची इमारत व्हायच्या आधी अनेक ठिकाणी मिस्सा शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. सतरंज्या, पेटी, माइक, घरोघरी निरोप ही सगळी कामे कॉलेजच्या मुलामुलींकडे असत, कारण ती करायला दुसरे होतेच कोण? १७३९ नंतर पाखाडीत जे झाले, तेच थोड्या फरकाने इथे घडले. धर्मगुरू कमी आणि वस्ती नवी असली की तरुणांच्या हाती खरे काम येते. व्यवस्था पक्की झाली की त्यांच्या हाती नाताळगोठ्यांची स्पर्धा आणि हाउजीची तिकिटे उरतात. अर्थात तिकिटांचा हिशेब जुळवणे, लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात अर्ज देणे, मंडपवाल्याशी घासाघीस करणे, हेही शिक्षणच आहे.

यात मुलींचा वाटा मोठा आणि मान उशिराचा. वेदीसेवक (मिस्सेत धर्मगुरूंना मदत करणारे) म्हणून मुलींना रोमने मोकळीक दिली १९९४ मध्ये, आणि वाचक व वेदीसेवक ही पदे औपचारिकपणे स्त्रियांना खुली झाली २०२१ मध्ये. युवक मंडळांच्या बैठकांचे इतिवृत्त मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्याच अक्षरात आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) सामान्य श्रद्धावंतांच्या कामाला स्वतंत्र दस्तऐवज दिला, स्थानिक भाषेत मिस्सा आणली. २०१८ मध्ये रोममध्ये बिशपांची परिषद तरुणांच्याच विषयावर भरली आणि पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून पत्र लिहिले. त्यानंतर पॅरिश कौन्सिलमध्ये (स्थानिक चर्चच्या मंडळात) तरुण प्रतिनिधी हवा, हे सगळेच म्हणू लागले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या प्रोटेस्टंट मंडळींत पास्टोरेट कमिटी (चर्चचा कारभार पाहणारी समिती) निवडणुकीने येते आणि तिथली भांडणेही निवडणुकीसारखीच असतात. कॅथलिक पॅरिशचा कायदा १९८३ चा आहे. त्याच्या ५३६ व्या कलमानुसार पॅरिश कौन्सिलचे अध्यक्षपद धर्मगुरूकडे असते आणि कौन्सिलचे मत हा फक्त सल्ला असतो. विशीतला प्रतिनिधी तिथे बोलू शकतो, त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवले जाते. ते मानायचे की नाही, हे फादर ठरवतात.