सी लायन मोहीम

सी लायन मोहीम : (जर्मन ‘झेलोवे’, म्हणजे समुद्रसिंह). दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश खाडी ओलांडून दक्षिण इंग्लंडवर सैन्य उतरवण्याची जर्मन योजना. ती अमलात आली नाही.

योजनेचा उगम केव्हाचा धरावा, याविषयी मतभेद आहेत. हिटलरच्या १६ जुलै १९४० च्या आदेश क्र. १६ पासून तो धरण्याचा प्रघात आहे. तथापि जर्मन नौदलाने नोव्हेंबर १९३९ मध्ये व भूदलाने ‘नोर्डवेस्ट’ या नावाने डिसेंबरमध्ये अशा स्वारीची पाहणी केली होती. वायुदलाने त्यावर प्रतिकूल अभिप्राय दिला : अशी स्वारी फार तर आधीच जिंकत आलेल्या युद्धाचा अखेरचा अंक ठरेल. १९४० च्या घडामोडी पाहता हा अभिप्राय लक्षणीय आहे. त्या पाहण्या पुढे मागे पडल्या. म्हणून त्यांना पूर्वपीठिका म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

आदेशातील एक प्रमुख अट हवाई होती. खाडी ओलांडणाऱ्या सैन्यावर लक्षणीय हल्ला करता येणार नाही, इतके ब्रिटिश वायुदल खच्ची व्हावयास हवे होते. भूदलाला इंग्लंडच्या किनाऱ्यावर पूर्वेकडील रॅम्सगेट ते पश्चिमेकडील लाइम उपसागर अशी रुंद आघाडी हवी होती. नॉर्वेत दहा विनाशिका (वेगवान युद्धनौका) गमावलेल्या नौदलाला एवढ्या पट्ट्याचे रक्षण झेपणारे नव्हते, म्हणून आघाडी आखूड करण्यात आली. सैन्य वाहून नेण्यासाठी नद्या-कालव्यांतील दोन हजारांहून अधिक पडाव (सपाट तळाच्या मालवाहू नावा) जमवले. त्यांपैकी पुष्कळांना इंजिनच नव्हते, ते ओढून न्यावे लागणार होते. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश बाँबफेकी विमानांनी सुमारे दोनशे पडाव बंदरांतच बुडवले वा निकामी केले.

१३ ऑगस्टपासून जर्मन हवाई हल्ले तीव्र झाले. मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाचा पल्ला अपुरा असल्याने लंडनवर त्याला काही मिनिटेच झुंजता येई. १५ सप्टेंबरच्या मोठ्या हवाई लढाईनंतर दोनच दिवसांनी मोहीम बेमुदत पुढे ढकलली गेली आणि १२ ऑक्टोबरला ती पुढील वसंत ऋतूवर टाकली गेली.

योजना हवाई लढाईमुळे फसली, हे रूढ मत. ब्रिटिश नौदल शाबूत असताना हवाई प्रभुत्वही पुरे पडले नसते, असे इतर अभ्यासक म्हणतात. रात्रीच्या वेळी विनाशिकांना विमानांनी रोखणे त्या काळी अवघड होते, हे ध्यानी घेता या मताला वजन येते. १९७४ साली सँडहर्स्ट येथील ब्रिटिश लष्करी अकादमीत ही मोहीम झाली असे कल्पून केलेल्या युद्धसरावात उतरलेले जर्मन सैन्य पराभूत ठरले; मात्र जर्मनांना हवाई प्रभुत्व लाभलेले नाही, असे त्यात आधीच गृहीत धरले होते.