स्लॅब ओतण्याआधी मॉडेल पाहून घ्या

काम हाती घेतलं की पहिल्या बैठकीतच आम्ही तुम्हाला स्क्रीनवर इमारतीचं त्रिमितीय मॉडेल दाखवतो. पुष्कळांना ते जाहिरातीतल्या चित्रासारखं वाटतं, पण ते कामाचं साधन आहे. यातल्या भिंतीला जाडी असते, ती विटेची की ब्लॉकची याची नोंद असते, दार सरकवलं की मोजमापाचा तक्ताही बदलतो. या पद्धतीला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात ‘बिम’ म्हणतात.

आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि प्लंबिंगवाले आपापली ड्रॉइंग काढतात. सुटी सुटी पाहिली तर सगळी बरोबर. एकावर एक ठेवली की दिसतं, बाथरूमचा ११० मिमीचा सांडपाण्याचा पाइप नेमका बीममधून (स्लॅबचा भार पेलणाऱ्या तुळईतून) चाललाय! स्क्रीनवर हे लक्षात आलं तर पाइप सरकवून मोकळं होता येतं. साइटवर लक्षात आलं तर काँक्रीटला गोल भोक पाडणारं कोअर कटिंगचं मशीन येतं, आणि सळई कापली गेली की प्रकरण स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जातं. म्हणून बदल सांगायचे असतील ते मॉडेल पाहतानाच सांगा. शटरिंग लागल्यावर सांगितलेला बदल महागच पडतो.

काँक्रीट पडण्याआधी सळया, वायरिंगचे पाइप आणि स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये आधीच ठेवलेल्या नळ्या) यांचे फोटो आम्ही काढतो आणि कोणता मजला, कोणते दोन कॉलम अशा नोंदीसह जपून ठेवतो. पुढे एसी बसवताना ड्रिल कुठे मारायचं नाही, हे त्यातून कळतं. आमच्या मते ग्राहकाला सगळ्यांत जास्त उपयोग याच नोंदीचा होतो.

ड्रॉइंग फक्त आमच्या कामाच्या अॅपवरचंच ग्राह्य धरा, तेही शेवटच्या रिव्हिजनचं. ग्रुपवर फिरणारं जुनं ड्रॉइंग पाहून उभी राहिलेली भिंत पाडावी लागते. (हे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा शिस्तीचं काम आहे.)

ड्रोनबद्दल बरेच जण विचारतात. मोठ्या जागेत माती किती काढली, किती भरली, हे मोजायला तो उत्तम. लहान प्लॉटला टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं सर्व्हेचं यंत्र) पुरतं, तिथे आम्ही ड्रोन सुचवत नाही. आणि ओळंबा, लेव्हल, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) हे जागेवर उभं राहूनच बघावं लागतं. काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या क्यूब चाचणीचा २८ दिवसांचा निकाल अॅपमुळे २७ दिवसांत येत नाही.

काम संपल्यावर प्रत्यक्षात बांधलं गेलं तसं दुरुस्त केलेलं मॉडेल मागून घ्या, डिझाइनच्या वेळचं नको. फाइल आयएफसी स्वरूपात घ्या. हे खुलं स्वरूप आयएसओ १६७३९ या मानकात दिलेलं आहे, त्यामुळे उद्या दुसऱ्या कंत्राटदाराकडे वेगळं सॉफ्टवेअर असलं तरी अडत नाही. सोबत पीडीएफ ड्रॉइंगही घ्या. ताबा घेण्याआधी आमच्या माणसाला मॉडेलमध्ये पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह दाखवायला सांगा, मग जागेवर जाऊन तो तिथेच आहे का ते बघा. नसेल तर मॉडेल दुरुस्त होईपर्यंत सही करू नका.